बायोकेमिस्ट्रीचा हमीभाव

जून उजाडला की आमच्याकडे घरातल्या एकाच पैशावर दोघे हक्क सांगतात. मृग लागायच्या सुमारास बियाणं घ्यायचं असतं आणि त्याच पंधरवड्यात पोरांच्या ॲडमिशनचं पाहायचं असतं. 2025 च्या हंगामात बीटी कापसाच्या बियाण्याचं पाकीट 901 रुपयांना होतं. त्यावर खत, मजुरी, ट्रॅक्टरचं भाडं. सोसायटीचं पीककर्ज हातात पडायच्या आत कृषी केंद्राची उधारी सुरू झालेली असते. नेमका तेव्हाच नीटचा निकाल लागतो, आणि ज्या घरात गुण कमी पडलेले असतात तिथून मला फोन येतो. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूच्या आमच्या पाच-सात गावांत बायोकेमिस्ट्रीत, म्हणजे सजीवांच्या अंगात चालणाऱ्या केमिस्ट्रीत, एमएस्सी झालेली मीच एक सापडते.

त्या जूनमध्ये मावसभावाचा फोन आला. "ताई, पोरीचं नीट हुकलं. आता बीएस्सी करतो म्हणते, तुह्यावाणी बायोकेमिस्ट्री. काही स्कोप आहे का त्याच्यात? अन् फी किती लागन?"

तुह्यावाणी. म्हणजे मी उदाहरण झाले होते, आणि उदाहरण झालेल्या माणसाला हिशोब द्यावा लागतो.

फी सगळेच विचारतात. या सगळ्या हिशोबात फी हा सर्वांत लहान आकडा आहे. अनुदानित कॉलेजातली बीएस्सी अजूनही काही हजारांत होते. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढला, महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज नीट भरला, तर त्यातलेही बरेच पैसे परत येतात. कधी त्याच वर्षी, कधी पोरगी पुढच्या वर्गात गेल्यावर. खरा खर्च एसटी स्टँडवर सुरू होतो. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट असतो, पदवीला सवलतीचा पास काढावा लागतो. आणि पास काढून तरी जायचं कुठे? तालुक्याच्या कॉलेजात बहुधा पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) आणि सीबीझेड (केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी) एवढेच गट असतात. बायोकेमिस्ट्री हवी तर यवतमाळ, वर्धा, अमरावती, नागपूर असं मोठं गाव गाठायचं. तिथं गेलं की खोली आली, मेस आली.

मी शिकले त्याला बराच काळ झाला, म्हणून भाचीसाठी नागपूरचे आजचे भाव काढून पाहिले. दोघींत एक खोली घेतली तर प्रत्येकी अडीच-तीन हजार. मेस तीन हजारांच्या घरात. बाकी झेरॉक्स, मोबाइल, दवाखाना, प्रॅक्टिकलच्या वह्या, सणाला घरी येणं. महिना आठ हजारांच्या खाली निघत नाही. उन्हाळ्याच्या सुट्ट्या वगळल्या तरी तीन वर्षांच्या बीएस्सीचे अडीच लाख आणि दोन वर्षांच्या एमएस्सीचे पावणेदोन-दोन लाख. मिळून साडेचार लाखांच्या आसपास.

आता हा आकडा मावसभावाच्या भाषेत मांडते. त्याची पाच एकर कोरडवाहू. सोयाबीन एकरी पाच क्विंटल धरलं तर पंचवीस क्विंटल. 2024-25 चा हमीभाव होता 4,892 रुपये, पण त्या हंगामात बाजार समितीत चार हजारांच्या आसपासच बोली लागत होती. म्हणजे वर्षाला एक लाख. त्यातून बियाणं, खत, फवारणी, सोंगणी, मळणी काहीच वजा केलेलं नाही. पाच वर्षांच्या शिक्षणाला चार वर्षांहून जास्त काळाचं अख्खं पीक लागतं, आणि त्या चार वर्षांत घरानं काही खायचं नाही.

हेही पुरतं खरं नाही. सर्वांत मोठा खर्च पदवीच्या नंतर सुरू होतो आणि तो कोणी वहीत लिहीत नाही. एमएस्सी झाली की प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा: नेट, सेट, मग परत नेट. तोवर अभ्यासिकेची फी, खोलीचं भाडं, फॉर्मचे पैसे. तेविसाव्या वर्षी हातात आलेली पदवी सत्ताविसाव्या वर्षापर्यंत कमाई देईलच असं नाही. बरोबरीची मुलगी नर्सिंग करून कधीच पगारावर लागलेली असते, तिनं घराला स्लॅब टाकलेला असतो. आपण अजून "निकालाची वाट पाहतोय". ही वाट पाहण्याची वर्षं घर पोसतं. मला पोसलं. बाबांनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही, पण एका वर्षी बैलजोडी विकली ती परत घेतली नाही, एवढं मला दिसत होतं.

मग मी हा विषय घेतलाच कशाला? खरं सांगायचं तर लाळेमुळे. पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला आमच्या सरांनी प्रत्येकीला स्वतःची लाळ परीक्षानळीत घ्यायला लावली. त्यात स्टार्चचं पाणी टाकायचं आणि दर मिनिटाला एक थेंब आयोडीनमध्ये सोडून पाहायचं. पहिले थेंब गडद निळे, मग जांभळे, मग तांबूस, मग काहीच नाही. माझ्या तोंडातल्या एका एन्झाइमनं, म्हणजे अंगातली रासायनिक क्रिया झटपट घडवणाऱ्या प्रोटीननं, माझ्या डोळ्यांसमोर भाताचं पीठ मोडून साखर केली होती. भाकर बराच वेळ चावली की गोड का लागते, हे मला त्या दिवशी कळलं. असल्या गोष्टीचा नोकरीशी काय संबंध, हे त्या वयात सुचत नाही आणि सुचूही नये.

पुढे तर घरातल्याच गोष्टी पुस्तकात निघू लागल्या. माझी आजी भंडाऱ्याकडची. तिच्या माहेरी धानाच्या बांधीत लाखोळी पेरायचे, आणि लाखोळीची डाळ फार खाल्ली की पाय जातात असं तिकडे सगळ्यांना ठाऊक होतं. आजी ती डाळ उकळून पहिलं पाणी फेकून द्यायची. या डाळीच्या विक्रीवर 1961 मध्ये बंदी आली आणि 1964 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनीच तिच्यातला पायांच्या नसा मारणारा रेणू वेगळा काढला. त्याला थोडक्यात ओडॅप म्हणतात. तो पाण्यात विरघळतो. आजीचं पाणी फेकणं बरोबर होतं.

आणि सुब्बाराव. रक्तातला फॉस्फरस मोजायची एक पद्धत आम्ही करायचो, फिस्के-सुब्बाराव, 1925 सालची. त्यातले सुब्बाराव म्हणजे आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. सासऱ्यांनी आणि एका धर्मादाय संस्थेनं पैसे दिले तेव्हा ते अमेरिकेला पोचले, बोस्टनच्या एका हॉस्पिटलात रात्रपाळीला हलकी कामं करून शिकले, हार्वर्डात मोठं संशोधन करूनही तिथं त्यांना कायमची जागा मिळाली नाही, आणि 1940 मध्ये ते औषध कंपनीत गेले. सरांनी हे सांगितलं तेव्हा वर्गातली पोरं सासऱ्याच्या पैशावर हसली. मला आज त्यातली कायम जागा न मिळाल्याची गोष्ट जास्त आठवते.

कारण जागांचं गणित मी नंतर स्वतः शिकले. एमएस्सी झाल्यावर पहिल्यांदा ज्युनिअर कॉलेजच्या जाहिराती पाहिल्या. जीवशास्त्राच्या शिक्षकासाठी बॉटनी किंवा झूलॉजीची एमएस्सी मागत. केमिस्ट्रीच्या जागेसाठी केमिस्ट्रीची. माझा विषय दोन्हींच्या मधल्या धुऱ्यावर उभा. दोन्हीकडच्या शेतमालकांनी तो आपला नाही म्हणायचं. सिनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवता येतं, पण तिथं तास मोजून पैसे आणि सुट्टी लागली की पैसे बंद. कायम भरती वर्षानुवर्षं अडलेली. माझ्याबरोबरची एक मैत्रीण अजून तासिकेवर आहे. तिचे विद्यार्थी तिच्याहून जास्त कमावतात हे ती स्वतःच हसत सांगते.

मग वाटलं, वैद्यकीय महाविद्यालयात तरी बायोकेमिस्ट्री शिकवतातच की. शिकवतात, पण तिथली एमएस्सी वेगळी. वैद्यकीय शाखेतली मेडिकल बायोकेमिस्ट्रीची एमएस्सी तीन वर्षांची असते, ती मेडिकल कॉलेजात होते. सायन्स कॉलेजातली माझी दोन वर्षांची. नावं जवळजवळ सारखी, दारं निराळी. हे बीएस्सीच्या वेळी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण सांगणार कोण, आमच्या सरांनाही कुठे गरज पडली होती? आणि त्या दाराचंही काही खरं नाही. पूर्वी बायोकेमिस्ट्री विभागात निम्म्यापर्यंत जागा डॉक्टर नसलेल्या एमएस्सी-पीएचडी शिक्षकांना मिळत. 2020 च्या नियमांनी ती मर्यादा पंधरा टक्क्यांवर आणली. 2025 मध्ये नियम पुन्हा सैल झाले. मधल्या पाच वर्षांत ज्यांची पीएचडी संपली त्यांनी काय करायचं होतं, याचं उत्तर नियमात नसतं.

मी हैदराबादला गेले. विदर्भाच्या आमच्या टोकाला पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ. औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागले. तिथं माझं एन्झाइमचं ज्ञान कोणाला नको होतं. एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजायचं मशीन, चालवता येतं का, एवढंच विचारलं. येत नव्हतं, शिकले. सुरुवातीचा पगार पंधरा हजारांच्या आत, त्यातले सात खोली आणि जेवणात जायचे. काही वर्षं काढली आणि लग्नानंतर इकडे आले. आता वर्धा जिल्ह्यातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बायोकेमिस्ट आहे. मशीन मी चालवते, कॅलिब्रेशन मी करते, रिपोर्ट चुकीचा वाटला तर नमुना परत मीच लावते. सही माझी चालत नाही. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. रुग्णाच्या बाजूनं पाहिलं तर ते मला पटतं, कारण गल्लीबोळात काय काय चालतं ते मी पाहिलेलं आहे. माझ्या पगाराच्या बाजूनं पाहिलं तर त्याच सहीची किंमत माझ्या महिन्याच्या पगाराहून मोठी आहे.

या पदवीला गावात भाव आला तो एकदाच. 2018 च्या हंगामाआधी मी माहेरी गेले होते. एका कृषी केंद्राचा मालक बाबांना भेटायला आला आणि चहा झाल्यावर माझ्याकडे वळला. "ताई, तुमची डिग्री घरी पडूनच आहे नं. आमच्या दुकानात फ्रेम करून लावतो. वर्षाचे पैसे देतो. तुमाले यायचीबी गरज नाई." मला आधी कळेचना. मग समजलं. कीटकनाशक विकायच्या परवान्याचे नियम काही वर्षांपूर्वी बदलले आणि दुकानदार पदवीधर हवा किंवा त्यानं पदवीधर नेमलेला हवा असं ठरलं. शेतकीची पदवी चालते, आणि तिच्या जोडीला ज्या पदव्या चालतात त्यात बायोकेमिस्ट्रीचं नाव लिहिलेलं आहे. कॉलेजनं, शाळेनं, मेडिकलनं जिला ओळखलं नाही तिला कीटकनाशकाच्या नियमानं नावानिशी ओळखलं होतं. नियम लिहिणाऱ्यांचं डोकं बरोबर होतं: विष विकणाऱ्याला ते अंगात जाऊन काय करतं हे माहीत असावं. दुकानदाराला मात्र फक्त कागद हवा होता.

मी नाही म्हटलं. बाबांना ते फारसं आवडलं नाही. बसल्या जागी येणारा पैसा कोण सोडतं? पण आदल्याच वर्षीचा पावसाळा मी विसरले नव्हते.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, डोक्याच्या वर गेली होती. उंच पऱ्हाटीत शिरून वर पंप धरला की औषध परत अंगावर पडतं. भर घामात, उघड्या हातापायांनी, दोन-दोन तीन-तीन औषधं एकत्र करून मजूर फवारत होते. डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला फेस, छातीत घरघर. गावात लोक म्हणायचे, औषध लागलं.

त्या औषधांपैकी प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची. ती नेमकं काय करतात ते मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी पाठ केलं होतं. एका मज्जापेशीकडून पुढे किंवा स्नायूकडे निरोप जातो तो अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनानं, आणि निरोप पोचला की ते लगेच मोडून टाकायचं काम कोलिनेस्टरेज हे एन्झाइम करतं. त्याचा एक रेणू सेकंदाला अ‍ॅसिटिलकोलीनचे हजारो रेणू मोडतो. औषध त्या एन्झाइमला जाऊन चिकटतं. मोडणं थांबतं, निरोप साचत जातो, लाळ थांबत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, श्वासाचे स्नायू आधी थरथरतात आणि मग थांबतात. अ‍ॅट्रोपिन देऊन साचलेल्या निरोपाचा मारा कमी करता येतो, आणि पॅम नावाचं औषध वेळेत मिळालं तर एन्झाइम मोकळं होऊ शकतं. उशीर झाला तर ती पकड पक्की होते.

परीक्षेत हे मी इनहिबिशनच्या, म्हणजे एन्झाइम अडवण्याच्या, प्रश्नात लिहिलं, आलेखासह, आणि चांगले गुण घेतले. रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजणं काही अवघड नाही. एलमन यांची 1961 सालची पद्धत आहे: एन्झाइम जितकं शाबूत, तितका नळीत पिवळा रंग गडद. साध्या अ‍ॅनालायझरवर होते, बीएस्सीची पोरगीही करू शकते. आणि त्या पावसाळ्यानंतरच्या चौकशीत पुढे आलं की जिल्ह्याच्या ठिकाणी ही चाचणीच होत नव्हती.

ही बातमी वाचली तेव्हापासून मी "स्कोप" या प्रश्नाचं सरळ उत्तर देऊ शकत नाही. एका बाजूला माझ्या जिल्ह्यात शेकडो माणसं एका एन्झाइमपायी दवाखान्यात पडलेली. दुसऱ्या बाजूला त्याच जिल्ह्यातली मी, ते एन्झाइम मोजता येणारी, आणि मला गावात मिळालेली एकमेव मागणी ही औषध विकायच्या दुकानात भिंतीवर टांगण्याची. आमच्या भागात या विषयाची गरज पावलोपावली आहे. पद नाही. आणि बाजारात भाव गरजेला मिळत नाही, पदाला मिळतो.

सिकलसेलचंही तेच. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, भंडारा, गोंदिया, या सगळ्या पट्ट्यात सिकलचे रुग्ण आणि वाहक आहेत. आमच्याकडे बायाबापड्याही वाहकाला "एएस" आणि रुग्णाला "एसएस" हे शब्द वापरतात. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या आजारात हिमोग्लोबिनचा रेणूच वेगळा असतो. रेणूचा आजार असं म्हणायची ती पहिली वेळ. पुढे 1956-57 मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी फरक नेमका पकडला: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत एका जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन. अमिनो आम्लांचे दीडशेच्या आसपास मणी, त्यातला एक बदलला. जगातल्या प्रत्येक बायोकेमिस्ट्रीच्या पुस्तकात हे उदाहरण असतं. माझ्या टेबलावर ते सकाळी साडेनऊला बाटल्यांतून येतं. कधी बाटलीवर माझ्याच तालुक्यातल्या गावाचं नाव असतं.

या कामात मला समाधान आहे, हे लपवत नाही. दोघंही एएस असलेलं जोडपं समोर बसतं, त्यांना प्रत्येक गरोदरपणात चारात एक एवढी शक्यता एसएस बाळाची आहे हे समजावून सांगायचं डॉक्टरांचं काम; पण गर्दीत डॉक्टरांना वेळ नसला की ते माझ्याकडे येतात, आणि मी कागदावर चार चौकोन काढते. हे चार चौकोन मला ज्या पदवीनं शिकवले तिचा परतावा कुठल्या रकान्यात धरायचा? मावसभाऊ म्हणेल, पगाराच्या रकान्यात धर. तोही चूक नाही. 1 जुलै 2023 ला केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, 2047 चं उद्दिष्ट ठेवून, चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी करायची म्हणून. एवढ्या तपासण्या करणारे हात लागतात. पण ते हात बहुतेक ठिकाणी कंत्राटावर घेतले जातात, आणि दर नूतनीकरणाला त्यांच्या पोटात गोळा येतो.

तरी या विषयानं ज्यांना भरभरून दिलं तेही मी पाहिले. आमच्या वर्गातल्या एकाला जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली. 1 जानेवारी 2023 पासून जेआरएफला महिना 37,000 रुपये मिळतात, घरभाडं वेगळं, आणि दोन वर्षांनी तिच्याच पुढच्या टप्प्याला, एसआरएफला, 42,000. आमच्या मापात सांगायचं तर 2024-25 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,521. म्हणजे जेआरएफचा एक महिना हा पाच क्विंटल कापूस, कोरडवाहूत एका एकराचं वर्षभराचं पीक. पैसे वेळेवर येत नाहीत ही तक्रार सगळीकडे ऐकू येते, पण येतात. त्यानं पीएचडी केली, आता जर्मनीत आहे. त्याच्या वडिलांना तो तिथं काय करतो हे सांगता येत नाही, "प्रोटीनचं काहीतरी" म्हणतात, आणि गावाच्या फाट्यावर दोन एकर घेतलं हे मात्र नीट सांगतात. आणखी एकजण हैदराबादला मेडिकल कोडिंग करतो, आजारांना आकडे लावतो, पगार माझ्याहून बरा. एक तलाठी झाला. तलाठ्याला पदवी लागते, ती कशातली हे कोणी विचारत नाही; 2023 च्या त्या भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांहून जास्त अर्ज होते. तो लागला म्हणून आम्ही त्याला हुशार म्हणतो. क्रेब्ज सायकल त्याला माझ्याहून चांगली यायची.

मला चीड येते ती एकाच गोष्टीची. नीट हुकलं म्हणून बायोकेमिस्ट्री. डॉक्टरकीच्या रांगेतून बाहेर पडलेल्या पोरांना हा विषय अर्धा डॉक्टर वाटतो आणि घरच्यांना तसं वाटू दिलं जातं. हा विषय दवाखान्याचा नाही, केमिस्ट्रीचा आहे. केमिस्ट्री नको म्हणून बायोलॉजीकडे आलेल्या पोरीचे इथं हाल होतात. आणि ज्या घराला तीन-चार वर्षांत हातात पगार हवा, त्यानं हा रस्ता धरू नये. तिथं बीएस्सी नर्सिंग बरी, लॅब टेक्निशियनची डीएमएलटी बरी, फार्मसीही बरी. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी माझ्याच विषयाला नावं ठेवते. नावं ठेवत नाही, भाव सांगते.

भाचीला मी फोनवर बोलावून घेतलं. केमिस्ट्री आवडते का विचारलं. म्हणाली, "ऑरगॅनिक आवडते, इनॉरगॅनिक पाठ होत नाही." हे उत्तर मला आवडलं. मग मावसभावाला जे सांगितलं ते असं. गटात केमिस्ट्री असलीच पाहिजे. ती असेल तर उद्या एमएस्सी केमिस्ट्रीचं आणि कंपनीचं दार उघडं राहतं. बारावीत बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात बसत असेल तर केंद्राच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीचा अर्ज नक्की भर, वर्षाला ऐंशी हजारांची आहे, आणि विज्ञान शाखेच्या पदवीलाच मिळते. आता चार वर्षांची ऑनर्स आली आहे. चौथं वर्ष करायचं का हे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिचे गुण पाहून ठरव, आत्ता शब्द देऊ नको. सुट्टीत तिला एखाद्या लॅबमध्ये पाठव, फुकट का असेना, तिच्या हातात पिपेट येऊ दे. आणि एमएस्सी करायची झाली तर घराजवळचं कॉलेज बघू नको. नागपूर विद्यापीठाचा विभाग चांगला आहे, हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठ आहे, बडोदा आहे. प्रवेश परीक्षा दे म्हणावं, मिळालं तर पाठव. एमएस्सी झाल्यावर नेटसाठी दोनच वर्षं द्यायची. त्या दोन वर्षांत जेआरएफ झाली तर पुढे शिक, घरचा एक रुपया लागणार नाही. नाही झाली तर नोकरी, जी मिळेल ती.

तो ऐकत होता. हैदराबादचं नाव निघालं तिथं थोडा गप्प झाला. पोरीला एवढ्या दूर पाठवायचं घरात कोणाला पटणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. मी सांगितलं, मी तिथं राहिले आहे, तिची खोली मी पाहून देईन.

"अन् हे एमएस्सीचे पैसे," तो म्हणाला, "ते आत्तापासूनच बाजूले ठेवाचे म्हणते तू?"

हो म्हटलं. दर सोयाबीनच्या हंगामात थोडे, बँकेत, पोरीच्या नावानं.

"अन् पीक गेलं तं?"

पीक गेलं तर एमएस्सी एक वर्ष पुढे जाईल, पण ते पैसे फवारणीत घालायचे नाहीत, असं मी म्हटलं. त्याला ते पटलं नाही. शेतात उभं पीक किडीनं खाताना घरात पैसे ठेवून कोण बसतं, असं त्याचं म्हणणं, आणि त्याच्या जागी बाबा असते तरी हेच म्हणाले असते. भाचीनं यवतमाळला ॲडमिशन घेतली आहे, केमिस्ट्री गटात आहे. पैशाचं आमचं भांडण अजून चालू आहे.